दीपगृहवाली

कारागांडात समुद्र नाही.
सगळ्यात जवळचा विचारलात तर टॅक्सीवाला आधी हसेल,
मग पेट्रोलचे पैसे आगाऊ मागेल.
म्हणूनच असेल, आमच्या तळघरातलं दीपगृह बरं चालतं.
पाच मजली इमारतीच्या पोटात, पूर्वी कोळसा साठवायचे तिथे,
आता निळा रंग, दोरखंड, थर्मोकोलचे खडक
आणि स्पीकरमधून लाटा.
लाट एकच आहे. दर चाळीस सेकंदांनी तीच परत येते.

मी साउले. बावीस वर्षं बाहुल्यांच्या थिएटरात
एका कोल्ह्याचा आवाज होते, आणि त्याचा डावा पंजा.
आता मी राखणदार म्हातारी,
डोळ्यांत तेल घालून जागणारी,
जिला आठवत नाही समुद्र कुठे ठेवला.
मुलांनी तो शोधून द्यायचा. वेळ साठ मिनिटं.
भीतीची पातळी शून्य, असं बाहेर पाटीवरच लिहिलंय.
मुलांना हात लावायचा नाही, कुणी ‘पुरे’ म्हणालं की दिवे लावायचे,
आणि काहीही झालं तरी सोंग सोडायचं नाही.

शनिवारी साडेतीनला वाढदिवस होता.
अल्दियार, नऊ पूर्ण.
आईवडील एकाच दारातून आले, सात मिनिटांच्या अंतराने.
वडिलांच्या बुटांवर एकिबास्तुझच्या रस्त्याचा चिखल,
हातात केक, त्यावर आठ मेणबत्त्या.
“नऊ,” आई म्हणाली. तेवढंच.
त्याने खिसे चाचपले,
आणि एक आगकाडी रोवली नववी म्हणून.

मग खेळ. आई आकड्यांना पक्की,
भरतीओहोटीचं कोडं तिने बोटांवर सोडवलं.
वडील पिंपं उचलत राहिले, ज्यांच्याखाली काहीच नसतं ती सुद्धा.
आमच्याकडे दोन दोर आहेत दोन कोपऱ्यांत,
एकाच क्षणी ओढले तरच घंटा वाजते.
पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा तो म्हणाला, “तू मोज.”
तिने मोजलं. घंटा वाजली, आणि दोघं हसले
चुकून, एखाद्याच्या पायावर पाय पडावा तसे.

पोरगा त्या दोघांकडे बघत होता.
एकेचाळिसाव्या मिनिटाला जाळ्यात त्याला शेवटची किल्ली सापडली.
मी पाहिलं.
त्याने मूठ मिटली, मूठ खिशात घातली,
आणि जिथे किल्ली नव्हती तिथे
फार मन लावून शोधायला लागला.

कानातल्या यंत्रात तिमोफेई कुजबुजला,
“साउले आपा, काखेत कळसा! कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतंय.
हिंट दे त्याला.”
मी खोकले. राखणदार म्हातारी खोकतेच.
मग मी दोघांना माझ्या खुर्चीखाली शोधायला लावलं,
मग कंदिलात, मग लाटा मोजायला सांगितल्या,
जे आमच्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.
त्यांनी मोजल्या. अकरा.
खांद्याला खांदा लागत होता, जागाच तेवढी आहे.

एकोणसाठाव्या मिनिटाला तो माझ्याजवळ आला.
“आजी, समुद्र सापडला नाही तर काय होतं?”
बावीस वर्षं कोल्ह्याला कधी उत्तर कमी पडलं नव्हतं.
मी म्हटलं, “मग तो इथेच असतो.”

दार बाहेरून उघडलं.
आई बसथांब्याकडे गेली, वडील गाडीकडे,
पोरगा मध्ये जरा रेंगाळला, मग आईमागे पळाला.
एरवी खेळ संपला की छतातून पडलेलं चाळीस मीटर निळं कापड
मी आणि तिमोफेई वीस मिनिटं घडी घालत बसतो.
त्या दिवशी समुद्र वरच होता.
उरलेला केक खाल्ला. आगकाडी पेटवलेली नव्हती.

किल्ली गेली ती गेलीच.
तिमोफेईने वहीत लिहिलं: हरवली, नवी करायची, आठशे टेंगे.
साडेपाचच्या मुलांसाठी मी कुलूप नुसतं अडकवून ठेवलं, न लावता.
त्यांनी तासभर किल्ली शोधली.
एकानेही ते ओढून पाहिलं नाही.